त्रिकोणमितीय व व्यस्त त्रिकोणमितीय फलनांच्या मिश्र राशींचे सुलभीकरण : मुख्य शाखेचा विचार

सारांश

त्रिकोणमितीय फलने आणि त्यांची व्यस्त फलने एकाच राशीत एकत्र आली असता त्या राशीला साधे रूप देणे, हा कनिष्ठ महाविद्यालयापासून पदवी स्तरापर्यंत वारंवार येणारा भाग आहे. फलन व व्यस्त फलन एकमेकांना छेदतात, या समजुतीने हे काम यांत्रिकपणे केले जाते आणि त्यातून चुकीची उत्तरे, चुकीचे अवकलज व चुकीची समाकलने निर्माण होतात. प्रस्तुत लेखात अशा राशींचे दोन प्रकार वेगळे करून प्रत्येकाची रीत सोदाहरण स्पष्ट केली आहे. व्यस्त फलनाची मुख्य शाखा ही सूत्राला जोडलेली तळटीप नसून सूत्राचाच भाग आहे, हे दाखविणे हा या विवेचनाचा उद्देश आहे.

बीजसंज्ञा : व्यस्त फलन, मुख्य शाखा, मुख्य किंमत, सुलभीकरण, अवकलज.

१. प्रस्तावना

चापटॅन २ + चापटॅन ३ या बेरजेची किंमत काढावयाची आहे, असे समजू. पाठ्यपुस्तकातील परिचित सूत्रानुसार टॅनच्या किंमतींची बेरीज ५ आणि छेद १ − ६ म्हणजे −५ येतो. भागाकार −१ येतो. म्हणून उत्तर −४५° असे लिहिले जाते. वास्तविक २ आणि ३ या दोन्ही धन संख्या असल्याने दोन्ही कोन धन आहेत. पहिला सुमारे ६३.४३° व दुसरा सुमारे ७१.५७° आहे. दोन धन कोनांची बेरीज ऋण कशी येईल? खरे उत्तर १३५° आहे. सूत्र वापरणाऱ्याने आकडेमोडीत कोणतीही चूक केलेली नाही. तरीही उत्तर १८०° ने चुकले आहे.

अशा उत्तराचे मूल्यमापन करताना अध्यापकापुढे खरा प्रश्न उभा राहतो. विद्यार्थ्याने शिकविलेले सूत्र जसेच्या तसे वापरले आहे. दोष विद्यार्थ्याचा मानावा की अटींशिवाय शिकविल्या गेलेल्या सूत्राचा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी व्यस्त त्रिकोणमितीय फलन म्हणजे नेमके काय, येथून सुरुवात करणे क्रमप्राप्त ठरते.

लेखनाच्या सोयीसाठी प्रस्तुत लेखात व्यस्त फलनांकरिता चापसाइन, चापकोसाइन, चापटॅन अशी नावे योजली आहेत. साइनच्या माथ्यावर ऋण एक लिहिण्याची प्रचलित पद्धत इंग्लंडमधील गणिती जॉन हर्शेल यांनी १८१३ मध्ये सुचविली. ती सुटसुटीत असली तरी ‘साइनचा गुणाकार-व्यस्त’ असा गैरसमज तिच्यातून सहज होतो. साइनचा गुणाकार-व्यस्त कोसीकॅन्ट आहे. व्यस्त साइन नव्हे.

२. ज्या, चाप आणि मुख्य शाखा

‘चाप’ हा शब्द येथे केवळ पर्याय म्हणून आलेला नाही. भारतीय ज्योतिर्गणितात कोनावरून ज्या काढणे आणि ज्येवरून पुन्हा चाप काढणे, या दोन्ही क्रिया जोडीने येतात. इ. स. ४९९ च्या आर्यभटीयात ३° ४५′ च्या टप्प्यांनी चोवीस ज्यांची रचना दिलेली आहे. ही रचना ९०° पर्यंतच जाते. त्यापुढील कोनांसाठी वर्तुळाची चार पदे करून प्रत्येक पदाचा स्वतंत्र नियम लावला जात असे. म्हणजे ज्येवरून चाप काढताना मिळणारे उत्तर पहिल्या पदातील असते आणि खरा कोन कोणत्या पदात आहे हे गणकाने बाहेरील माहितीवरून ठरवावयाचे असते, ही जाणीव त्या परंपरेत होती. सूर्यसिद्धांतात मध्यान्हीच्या छायेवरून सूर्याचे स्थान काढताना मेषादी, कर्कादी, तुलादी व मकरादी अशा चार पदांसाठी चापावर करावयाचे संस्कार वेगवेगळे सांगितले आहेत.

याचे प्रत्यंतर महाराष्ट्रात दरवर्षी अनुभवास येते. मुंबईचे अक्षवृत्त सुमारे १९° उत्तर आहे. सूर्याची क्रांती १९° उत्तर होते त्या दिवशी मध्यान्ही सूर्य डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. सूर्याच्या भोगांशाची साइन म्हणजे क्रांतीची साइन भागिले २३.४४° या परमक्रांतीची साइन. येथे हा भागाकार सुमारे ०.८१८ येतो. चापसाइन ०.८१८ ची किंमत गणनयंत्र सुमारे ५५° दाखविते. हा भोगांश मे महिन्याच्या मध्यास येतो. परंतु शून्य सावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो. दुसरा जुलैच्या अखेरीस, भोगांश सुमारे १२५° असताना. १२५° म्हणजे १८०° − ५५°. दोन्ही कोनांची साइन समान आहे, पण गणनयंत्राने फक्त एकच उत्तर दिले. जुलैचा दिवस गणिताने नाहीसा केला नाही. तो चापसाइनच्या व्याख्येच्या बाहेर राहिला.

याचे कारण उघड आहे. साइन हे फलन आवर्ती असल्याने एकास-एक नाही. एकाच किंमतीसाठी असंख्य कोन मिळतात. व्यस्त फलन अस्तित्वात येण्यासाठी मूळ फलन एकास-एक असावे लागते. म्हणून साइनचा प्रांत मुद्दाम आखडून घेतला जातो. या आखडलेल्या भागाला मुख्य शाखा व तीतून मिळणाऱ्या उत्तराला मुख्य किंमत म्हणतात. सर्वमान्य संकेत पुढीलप्रमाणे आहेत :

चापसाइन : प्रांत −१ ते १, उत्तर −९०° ते ९०°, दोन्ही टोके धरून.
चापकोसाइन : प्रांत −१ ते १, उत्तर ०° ते १८०°, दोन्ही टोके धरून.
चापटॅन : प्रांत सर्व वास्तव संख्या, उत्तर −९०° ते ९०° यांच्या दरम्यान, टोके वगळून.

पुढील संपूर्ण विवेचन या तीन ओळींवर आधारलेले आहे. मिश्र राशींचे दोन प्रकार पडतात. पहिल्यात व्यस्त फलन आत व त्रिकोणमितीय फलन बाहेर असते; दुसऱ्यात क्रम उलट असतो. दिसायला हा केवळ क्रमाचा फरक आहे, पण दोन्हींचे स्वरूप मुळातच भिन्न आहे.

३. पहिला प्रकार : आत व्यस्त, बाहेर त्रिकोणमितीय

साइन(चापसाइन क्ष) = क्ष हे विधान क्ष ची किंमत −१ ते १ असताना नेहमी सत्य असते. चापसाइन क्ष म्हणजे ज्याची साइन क्ष आहे असा एक कोन. त्याची साइन क्ष येणारच. येथे केवळ प्रांताची काळजी घ्यावी लागते. साइन(चापसाइन २) = २ असे लिहिता येणार नाही, कारण वास्तव संख्यांच्या मर्यादेत चापसाइन २ ला अर्थच नाही.

बाहेरील फलन वेगळे असेल तर काटकोन त्रिकोणाची रीत उपयोगी पडते. कोसाइन(चापसाइन क्ष) ही राशी घेऊ. चापसाइन क्ष = अ मानल्यास साइन अ = क्ष. कर्ण १ व समोरील बाजू क्ष असलेला काटकोन त्रिकोण काढल्यास पायथागोरसच्या सिद्धांतानुसार लगतची बाजू √(१ − क्ष²) येते. म्हणून

कोसाइन(चापसाइन क्ष) = √(१ − क्ष²).

त्रिकोणात सर्व बाजू धन असतात. क्ष ऋण असेल तर आकृती अपुरी पडते. तरीही सूत्र बरोबर का राहते? कोन अ हा −९०° ते ९०° मध्ये आहे आणि या संपूर्ण भागात कोसाइन ऋण नसते, म्हणून वर्गमुळाचे धन चिन्हच घ्यावे लागते. म्हणजे त्रिकोण राशीचे परिमाण देतो आणि मुख्य शाखा तिचे चिन्ह देते. हे वाक्य वर्गात स्वतंत्रपणे सांगितले जाणे आवश्यक आहे. याच रीतीने पुढील सूत्रे मिळतात :

टॅन(चापसाइन क्ष) = क्ष/√(१ − क्ष²), क्ष ची किंमत −१ व १ च्या दरम्यान.
साइन(चापटॅन क्ष) = क्ष/√(१ + क्ष²), सर्व क्ष साठी.
कोसाइन(चापटॅन क्ष) = १/√(१ + क्ष²), सर्व क्ष साठी.
साइन(चापकोसाइन क्ष) = √(१ − क्ष²), क्ष ची किंमत −१ ते १.
टॅन(चापकोसाइन क्ष) = √(१ − क्ष²)/क्ष, क्ष शून्य नसताना.

शेवटच्या सूत्रात क्ष ऋण असल्यास उत्तरही ऋण येते आणि ते योग्यच आहे. कारण कोन तेव्हा दुसऱ्या चरणात असतो व तेथे टॅन ऋण असते.

आतील कोनाची दुप्पट किंवा निमपट असेल तर प्रथम कोनाची नित्यसमानता वापरावी व नंतर वरील सूत्रे वापरावीत. उदाहरणार्थ, साइन(२ चापकोसाइन क्ष) = २क्ष√(१ − क्ष²) आणि कोसाइन(२ चापटॅन क्ष) = (१ − क्ष²)/(१ + क्ष²). निमपटीच्या बाबतीत टॅन(½ चापकोसाइन क्ष) = √((१ − क्ष)/(१ + क्ष)) मिळते. येथेही वर्गमूळ धन घेण्याचे समर्थन मुख्य शाखेतूनच येते : चापकोसाइन ०° ते १८०° मध्ये असल्याने त्याची निमपट ०° ते ९०° मध्ये राहते. क्ष = ३/५ घेतल्यास उत्तर १/२ येते.

या प्रकारातील राशी अखेरीस बैजिक रूपात येतात. त्यांतून त्रिकोणमिती पूर्णपणे नाहीशी होते. म्हणूनच समाकलनात क्ष = साइन अ असे प्रतिस्थापन केल्यानंतर मूळ चलाकडे परतताना ही सूत्रे अपरिहार्य ठरतात.

४. दुसरा प्रकार : आत त्रिकोणमितीय, बाहेर व्यस्त

चापसाइन(साइन १५०°) ची किंमत १५०° नाही. साइन १५०° = १/२ आणि चापसाइन १/२ = ३०°. व्यस्त फलनाला कोन १५०° होता हे ठाऊक नसते; त्याच्यापर्यंत केवळ १/२ ही संख्या पोहोचते. साइन घेताना जी माहिती गमावली ती चापसाइन परत देऊ शकत नाही. ते मुख्य शाखेतील प्रतिनिधी तेवढा देते. म्हणून येथे ‘छेदणे’ ही क्रिया नसून ‘प्रतिनिधी शोधणे’ ही क्रिया आहे.

प्रतिनिधी शोधण्याचे नियम असे आहेत. कोन ट असल्यास :

चापसाइन(साइन ट) : ट जर −९०° ते ९०° मध्ये असेल तर ट; ९०° ते २७०° मध्ये असेल तर १८०° − ट; पुढे दर ३६०° नंतर याचीच पुनरावृत्ती.
चापकोसाइन(कोसाइन ट) : ट जर ०° ते १८०° मध्ये असेल तर ट, १८०° ते ३६०° मध्ये असेल तर ३६०° − ट, पुढे पुनरावृत्ती.
चापटॅन(टॅन ट) : ट मधून १८०° ची योग्य पट वजा करून −९०° व ९०° च्या दरम्यान येणारा कोन.

पहिल्या दोहोंचे आलेख करवतीच्या दात्यांसारखे चढत-उतरत जाणारे रेषाखंड असतात. तिसऱ्याचा आलेख समांतर चढत्या रेषाखंडांचा असून त्यांच्यामध्ये उड्या असतात. हे तीन आलेख फळ्यावर एकदा काढले की नियम पाठ करण्याची फारशी गरज उरत नाही.

रेडियनमधील एक उदाहरण विशेष बोलके आहे. ट = १० रेडियन घेऊ. येथे पाय म्हणजे वर्तुळाचा परीघ व व्यास यांचे गुणोत्तर, सुमारे ३.१४१६, आणि १८०° म्हणजे पाय रेडियन. तेव्हा

चापसाइन(साइन १०) = ३ पाय − १०, म्हणजे सुमारे −०.५७५;
चापकोसाइन(कोसाइन १०) = ४ पाय − १०, म्हणजे सुमारे २.५६६;
चापटॅन(टॅन १०) = १० − ३ पाय, म्हणजे सुमारे ०.५७५.

एकाच कोनाला तीन फलनांनी तीन वेगळे प्रतिनिधी दिले आणि त्यांपैकी एकही १० नाही. ‘फलन व व्यस्त फलन छेदले जातात’ हा नियम खरा असता तर तिन्ही उत्तरे १० यावयास हवी होती.

५. बेरजेची सूत्रे व त्यांच्या अटी

दोन व्यस्त फलनांची बेरीज एका व्यस्त फलनात मांडणे हा वस्तुतः दुसऱ्याच प्रकाराचा विस्तार आहे. चापटॅन क्ष = अ व चापटॅन य = ब मानल्यास टॅन(अ + ब) = (क्ष + य)/(१ − क्षय) हे निर्विवाद आहे. पण यावरून अ + ब = चापटॅन((क्ष + य)/(१ − क्षय)) असे म्हणणे म्हणजे चापटॅन(टॅन(अ + ब)) = अ + ब असे गृहीत धरणे होय. अ आणि ब प्रत्येकी −९०° व ९०° च्या दरम्यान असले तरी त्यांची बेरीज −१८०° ते १८०° पर्यंत जाऊ शकते. म्हणून पूर्ण सूत्र असे :

क्षय < १ असल्यास : चापटॅन क्ष + चापटॅन य = चापटॅन((क्ष + य)/(१ − क्षय));
क्षय > १ व दोन्ही धन असल्यास : उजव्या बाजूत १८०° मिळवावे;
क्षय > १ व दोन्ही ऋण असल्यास : उजव्या बाजूतून १८०° वजा करावे;
क्षय = १ असल्यास : दोन्ही धन असताना बेरीज ९०°, दोन्ही ऋण असताना −९०°.

आता प्रस्तावनेतील उदाहरणाचा उलगडा होतो. २ × ३ = ६ हे १ पेक्षा मोठे असल्याने −४५° मध्ये १८०° मिळवून १३५° मिळतात. त्यात चापटॅन १ = ४५° मिळविल्यास चापटॅन १ + चापटॅन २ + चापटॅन ३ = १८०° हा सुंदर परिणाम मिळतो. याउलट चापटॅन १/२ + चापटॅन १/३ मध्ये गुणाकार १/६ असल्याने सूत्र थेट लागू पडते व उत्तर ४५° येते.

साइन व कोसाइनच्या बाबतीत हाच धोका अधिक सूक्ष्म असतो. चापसाइन ३/५ + चापकोसाइन ५/१३ ही बेरीज घेऊ. पहिल्या कोनाची साइन ३/५ व कोसाइन ४/५. दुसऱ्याची कोसाइन ५/१३ व साइन १२/१३. बेरजेची साइन ६३/६५ येते आणि कोसाइन −१६/६५ येते. काही विद्यार्थी उत्तर चापसाइन ६३/६५ असे लिहितील, काही चापकोसाइन(−१६/६५) असे. पहिले उत्तर सुमारे ७५.७५° आहे, दुसरे सुमारे १०४.२५°. मूळ कोन अनुक्रमे सुमारे ३६.८७° व ६७.३८° असल्याने बेरीज १०४.२५° आहे, दुसरे उत्तर बरोबर, पहिले चूक. कोसाइन ऋण आली तेव्हाच बेरीज दुसऱ्या चरणात गेल्याची सूचना मिळाली होती. ती सूचना पहिल्या उत्तरात दुर्लक्षित राहिली.

बेरजेच्या या सूत्रांचे महत्त्व केवळ परीक्षेपुरते नाही. दोन चापांच्या बेरजेची व वजाबाकीची ज्या काढण्याचे नियम भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सिद्धांतशिरोमणीतील ज्योत्पत्ती या प्रकरणात दिले आहेत. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याचा उल्लेख चाळीसगावजवळील पाटण येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात आढळतो. पुढे केरळमधील गणितींनी चापटॅनची अनंत श्रेढी शोधली. तिचे विवेचन सोळाव्या शतकातील ज्येष्ठदेवांच्या युक्तिभाषा या ग्रंथात येते. युरोपात जॉन मॅचिन यांनी १७०६ मध्ये या श्रेढीला बेरजेच्या सूत्राची जोड देऊन पुढील संबंध वापरला व पायची किंमत शंभर दशांश स्थळांपर्यंत काढली :

४ चापटॅन १/५ − चापटॅन १/२३९ = ४५°.

याची पडताळणी सोपी आहे. चापटॅन १/५ = अ मानल्यास टॅन २अ = ५/१२, टॅन ४अ = १२०/११९ आणि टॅन(४अ − ४५°) = १/२३९. परंतु येथे सिद्धता पूर्ण होत नाही. अ सुमारे ११.३१° असल्याने ४अ सुमारे ४५.२४° आहे, म्हणून ४अ − ४५° हा कोन मुख्य शाखेतच आहे, हे शेवटचे वाक्य लिहिल्यावरच ती पूर्ण होते.

६. प्रतिस्थापन, अवकलज आणि समाकलन

पदवीपूर्व अभ्यासक्रमात चापसाइन(२क्ष/(१ + क्ष²)) चा अवकलज काढण्याचे उदाहरण सर्वपरिचित आहे. क्ष = टॅन अ मानल्यास कंसातील राशी साइन २अ होते; म्हणून फलन २अ म्हणजे २ चापटॅन क्ष; म्हणून अवकलज २/(१ + क्ष²). ही मांडणी आकर्षक आहे, पण चापसाइन(साइन २अ) = २अ हे २अ मुख्य शाखेत असेल तरच सत्य, म्हणजेच क्ष ची किंमत −१ ते १ असेल तरच. पूर्ण उत्तर असे :

क्ष जर −१ ते १ मध्ये असेल तर फलन २ चापटॅन क्ष;
क्ष > १ असल्यास १८०° − २ चापटॅन क्ष;
क्ष < −१ असल्यास −१८०° − २ चापटॅन क्ष.

परिणामी, कोन रेडियनमध्ये घेतल्यास, क्ष ची किंमत −१ व १ च्या दरम्यान असताना अवकलज २/(१ + क्ष²) आहे, त्याबाहेर −२/(१ + क्ष²) आहे आणि क्ष = १ व क्ष = −१ या ठिकाणी तो अस्तित्वातच नाही. क्ष = √३ घेऊन पडताळा पाहावा : फलनाची खरी किंमत चापसाइन(√३/२) = ६०°, तर २ चापटॅन √३ = १२०°. ज्या फलनाचा आलेख १ नंतर उतरत जातो, त्याला अटीविना शिकविलेले सूत्र चढता ठरविते. याच धर्तीवर चापकोसाइन((१ − क्ष²)/(१ + क्ष²)) चे सर्व क्ष साठी योग्य रूप २ चापटॅन |क्ष| असे आहे; केवलमूल्याचे चिन्ह गाळल्यास ऋण क्ष साठी उत्तर चुकते.

चापटॅन(२क्ष/(१ − क्ष²)) या फलनाच्या बाबतीत चूक अधिक खोलवर दडते. येथे क्ष ची किंमत १ वा −१ नसताना अवकलज सर्वत्र २/(१ + क्ष²) असाच येतो, कारण वेगवेगळ्या भागांत फलन २ चापटॅन क्ष पासून केवळ १८०° या स्थिरांकाने भिन्न आहे आणि स्थिरांकाचा अवकलज शून्य असतो. म्हणजे अवकलन चूक उघड करीत नाही. समाकलन मात्र ती उघड करते. २/(१ + क्ष²) या राशीचे ० ते √३ या मर्यादांतील निश्चित समाकलन काढावयाचे आहे. २ चापटॅन क्ष वापरल्यास उत्तर २ पाय/३ म्हणजे सुमारे २.०९४ येते. त्याऐवजी चापटॅन(२क्ष/(१ − क्ष²)) वापरल्यास क्ष = √३ येथे चापटॅन(−√३) म्हणजे −पाय/३ मिळते आणि उत्तर सुमारे −१.०४७ येते. सर्वत्र धन असलेल्या राशीचे क्षेत्रफळ ऋण आले! कारण हे दुसरे फलन क्ष = १ येथे संतत नाही, तेथे ते उडी घेते; आणि कलनशास्त्राचा मूलभूत सिद्धांत संतत प्रतिअवकलजाची मागणी करतो.

७. अध्यापनविषयक काही सूचना

वरील विवेचनावरून मिश्र राशी सोडविण्याची पुढील कार्यपद्धती सुचविता येते.

अ) प्रथम राशी कोणत्या प्रकारातील आहे ते ओळखावे. बाहेरचे फलन त्रिकोणमितीय असेल तर उत्तर संख्या असते. बाहेरचे फलन व्यस्त असेल तर उत्तर कोन असतो.

आ) क्ष ची किंमत कोणत्या प्रांतात आहे ते सोडवणुकीच्या पहिल्याच ओळीत लिहावे.

इ) प्रतिस्थापन करताना नवीन कोनाच्या मर्यादाही लिहाव्यात. ‘क्ष = टॅन अ मानू’ हे वाक्य अपूर्ण आहे; ‘क्ष = टॅन अ मानू, येथे अ हा −९०° व ९०° च्या दरम्यान’ हे पूर्ण आहे.

ई) चापसाइन(साइन अ) च्या जागी अ लिहिण्यापूर्वी अ मुख्य शाखेत आहे का, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा.

उ) अखेरीस एखादी सोपी किंमत घालून स्थूल पडताळा घ्यावा. प्रस्तुत लेखातील जवळजवळ प्रत्येक चूक अशा एका ओळीच्या पडताळ्याने उघडकीस आली असती.

याशिवाय संकेतभेदांची जाणीव ठेवणे अगत्याचे आहे. चापसीकॅन्टची मुख्य शाखा काही ग्रंथ ०° ते १८०° (९०° वगळून) मानतात, तर काही ग्रंथ ऋण किंमतींसाठी १८०° ते २७०° हा भाग घेतात. पहिल्या संकेतानुसार क्ष ची किंमत −१ किंवा त्याहून लहान असताना टॅन(चापसीकॅन्ट क्ष) = −√(क्ष² − १), तर दुसऱ्यानुसार तेच +√(क्ष² − १) येते. चापकोटॅनच्या बाबतीतही आपल्याकडील पाठ्यपुस्तके साधारणतः ०° ते १८०° हा संकेत पाळतात, पण काही संगणकप्रणाली −९०° ते ९०° हा संकेत पाळतात. दोन भिन्न उत्तरे दिसली म्हणजे एक चूक असलेच पाहिजे, असे येथे म्हणता येत नाही. संकेत कोणता, हे आधी विचारावे लागते.

हा विचार अन्य विद्याशाखांनाही उपयुक्त आहे. एखाद्या सदिशाचे पूर्व व उत्तर दिशांतील घटक −१ व −१ असतील तर त्यांचे गुणोत्तर १ येते आणि चापटॅन १ = ४५°. प्रत्यक्षात तो सदिश तिसऱ्या चरणात, म्हणजे पूर्वेकडून २२५° वर, नैर्ऋत्येस आहे. भागाकार करताना दोन्ही ऋण चिन्हे नाहीशी झाली आणि दिशा नेमकी उलटी मिळाली. म्हणूनच अनेक संगणकभाषांत दोन्ही घटक स्वतंत्रपणे घेऊन चरण ठरविणारे वेगळे फलन पुरविलेले असते. भौतिकशास्त्रात बलाची दिशा वा भूगोलात उताराची दिशा काढताना त्याचाच अवलंब करणे श्रेयस्कर ठरते.

८. समारोप

मिश्र राशींच्या सुलभीकरणात त्रिकोणमितीय फलन बाहेर असताना त्रिकोण परिमाण देतो व मुख्य शाखा चिन्ह देते. व्यस्त फलन बाहेर असताना मुख्य शाखेतील प्रतिनिधी शोधावा लागतो. बेरजेची सूत्रे, प्रतिस्थापने व त्यांवर आधारित अवकलज हे या दुसऱ्या प्रकाराचेच विस्तार असल्याने त्यांना अटी अपरिहार्यपणे जोडलेल्या आहेत. छायेवरून सूर्याचे स्थान काढणाऱ्या प्राचीन गणकाला कोणते पद घ्यावयाचे हे ऋतूवरून ठरविता येत असे. आजच्या विद्यार्थ्यापुढे ऋतू नसतो. त्याच्यापुढे फक्त फळ्यावर लिहिलेली अट असते. ती फळ्यावर लिहिली गेली नसेल, तर चापटॅन २ + चापटॅन ३ = −४५° या उत्तराची जबाबदारी केवळ विद्यार्थ्यावर टाकता येणार नाही.